बाळंतिणीची खोली, शेगडी आणि निफाडची थंडी

पत्र:

ताई नमस्कार. आम्ही निफाड तालुक्यातले, द्राक्षाची बाग आहे आणि घर मळ्यातच आहे. पोरगी पहिल्या बाळंतपणाला येतेय, डॉक्टरांनी डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातली तारीख दिलीय, म्हणजे ऐन कडाक्यात. घरात सासूबाई आहेत, वय 78, त्यांना दमा. जुन्या भागात धाब्याच्या दोन खोल्या आहेत, पुढं पत्र्याची पडवी, आणि सहा वर्षांपूर्वी बांधलेली स्लॅबची एक खोली, तिला अटॅच बाथरूम आणि बाथरूममध्ये गॅस गिझर. स्लॅबच्या खोलीतून जुन्या खोलीत जायला मधे दार आहे. ह्यांचं म्हणणं, पोरीला नव्या खोलीत ठेवू आणि खिडक्यांना प्लास्टिक मारून सगळं पॅक करून टाकू. सासूबाई म्हणतात बाजेखाली शेगडी पाहिजेच, त्यांची पाच बाळंतपणं तशीच झाली. मी म्हणते हीटर घेऊ. रोज ह्याच्यावरून वाद होतात. सासूबाईंना दुखवायचं नाहीये पण पोरीची काळजी वाटते. काय करू?

उत्तर:

ताई, आधी एकच गोष्ट सांगते आणि मग बाकीचं निवांत बोलू. भाऊंचं प्लास्टिक आणि सासूबाईंची शेगडी ह्या दोन गोष्टी एका खोलीत कधीही एकत्र येऊ द्यायच्या नाहीत. एक रात्रसुद्धा नाही, अर्धा ताससुद्धा नाही. बाकी सगळ्यात इकडंतिकडं चालेल पण ह्याच्यात नाही.

कोळसा जळताना त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो, त्याला ना रंग ना वास. आपल्या रक्तातला प्राणवायू वाहून नेणारा जो भाग असतो त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो, त्यामुळं श्वास चालू असतो पण अंगाला प्राणवायू मिळतच नाही. माणसाला आधी डोकं जड वाटतं, मळमळतं, मग गुंगी येते, आणि थंडीच्या रात्री गुंगी आली की आपल्याला वाटतं चला छान झोप लागतेय. दर हिवाळ्यात पेपरात बातमी असते की रात्री शेगडी किंवा घमेल्यात कोळसे पेटवून दार लावून झोपले आणि सकाळी कुणी उठलंच नाही. एक गैरसमज आपल्याकडं फार पक्का आहे तो म्हणजे धूर संपला, निखारे लाल झाले की मग शेगडी आत घ्यायला हरकत नाही. हे चुकीचं आहे. धूर दिसतो म्हणून आपण सावध तरी असतो, धगधगत्या निखाऱ्यातून धूर दिसत नाही पण हा वायू निघतच राहतो. आणि पोटुशी बाई आणि तान्हं बाळ ह्यांना त्याचा त्रास आपल्यापेक्षा लवकर होतो.

आता सासूबाई म्हणतील आमची पाच बाळंतपणं झाली, कुठं काय झालं. त्या खोटं बोलत नाहीयेत ताई, आणि हे तुम्ही त्यांना मोकळ्या मनानं सांगा की तुमचं बरोबर होतं. त्यांच्या वेळचं घर आठवा. धाब्याला धूर जायला वर साणं असायचं, दाराच्या फळ्यांमधून बोटभर फटी, खिडकीला काच नाही नुसती झडप, आणि आजूबाजूला बायकांची सारखी ये-जा, म्हणजे दर थोड्या वेळानं दार उघडतंय. त्या घरात शेगडीचा वायू साठून राहायला जागाच नव्हती. तुमच्या नव्या खोलीला वर स्लॅब, खाली टाइल्स, ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या, घट्ट बसणारं फ्लशचं दार, आणि त्यावर भाऊ प्लास्टिक मारणार. घर बदललं आणि शेगडी मात्र तीच राहिली, एवढंच झालंय. सासूबाईंना शेगडी चुकीची म्हणू नका, ह्या खोलीला शेगडी चालत नाही म्हणा, त्यात त्यांचा मान राहतो आणि खरंही तेच आहे.

हे मी इतकं कळकळीनं का लिहितेय ते पण सांगते. आम्ही नाशिकला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होतो, जानेवारी महिना, बाथरूमच्या व्हेंटिलेटरमधून गार वारा येतो म्हणून मीच त्याला पुठ्ठा लावला होता. गॅस गिझर बाथरूमच्या आतच बसवलेला, बसवणाऱ्यानं काही सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. माझा मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा, आंघोळीला गेला, पाण्याचा आवाज येत होता आणि एकदम पाण्याचा मग खाली पडल्याचा आवाज आला आणि नंतर काहीच नाही. कडी तोडून बाहेर काढला तेव्हा शुद्धीवर नव्हता. दवाखान्यात प्राणवायू लावला, संध्याकाळपर्यंत बोलायला लागला, वाचला. ती कडी तोडायला दोन मिनिटं जास्त लागली असती तर काय झालं असतं ह्याचा विचार मी आजही करू शकत नाही. त्यामुळं तुमच्या पत्रात 'बाथरूममध्ये गॅस गिझर' हे तीन शब्द वाचले आणि शेगडीच्या आधी मला तेच टोचले.

तर तो गिझर. पोरगी यायच्या आत तो बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीवर, उघड्या हवेत हलवून घ्या, प्लंबरचं अर्ध्या दिवसाचं काम आहे, पाइप तेवढा आत येईल. ते होईपर्यंत घरातल्या सगळ्यांनी एक सवय लावून घ्यायची की दार उघडं ठेवून बादली भरायची, गिझर बंद करायचा आणि मगच आत जाऊन दार लावायचं. व्हेंटिलेटर कायम उघडा, त्याला पुठ्ठा नाही, प्लास्टिक नाही, कितीही थंडी असो. तुमच्याकडं जुना तांब्याचा बंब पडलेला असेल तर तो काढून चिंच-राखेनं घासून घ्या आणि अंगणात पेटवा, सरपणाला तर बागेच्या छाटणीच्या काड्या आहेतच, बाळंतिणीला शेकायला भरपूर कढत पाणी आणि तेही उघड्यावर, ह्याच्याइतकी चांगली सोय नाही. पाण्यात सोडायची कॉइल वापरत असाल तर बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालून बघायचं नाही, हे बाळंतिणीच्या घरात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पाहुणीला सांगा कारण घाईत तेच होतं.

आता खोली कुठली. माझं मत विचाराल तर पोरीला आणि बाळाला धाब्याच्या खोलीत झोपवा, नव्या खोलीत नाही. तुम्हाला वाटेल जुनं घर म्हणजे गैरसोय, पण मातीच्या दोन-दोन फुटी भिंती सावकाश तापतात आणि सावकाशच गार होतात, दिवसभर जी ऊब घेतात ती रात्री आत सोडत राहतात. स्लॅब त्याच्या उलट, वर उघडं आकाश असलं की रात्रभर तो आपली उष्णता वर फेकत राहतो आणि पहाटे उजाडायच्या सुमारास, जेव्हा कडाक्याच्या दिवसांत निफाडचा पारा 5-6 अंशांवर आणि कधी कधी त्याच्याही खाली येतो, तेव्हा ती खोली सगळ्यात गार असते. मधे दार आहे असं तुम्ही लिहिलंय म्हणजे रात्री बाथरूमला जायचं तर बाहेरच्या पडवीत न जाता आतल्या आतच जाता येईल, टाके असलेल्या बाईला हे फार महत्त्वाचं. त्या वाटेवर एक छोटा झिरो बल्ब रात्रभर चालू ठेवा, आणि टाइल्सवर पायपुसणी टाकायची तर खाली रबर असलेली, सरकणारी नको.

फक्त धाब्याच्या खोलीची एक गोष्ट आधी बघा, ओल. पावसाळ्यात कुठं गळलं होतं का, भिंतीचा खालचा हात-दीड हात भाग हाताला ओलसर लागतो का, पोपडे आलेत का. ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा जास्त गार असते आणि तिच्यावर बुरशी धरते, आणि ती बुरशी बाळाला आणि दम्याच्या माणसाला दोघांनाही वाईट. आत्ता अजून दुपारी चांगलं ऊन आहे, तर रोज अकरा ते चार सगळं उघडं टाका, पंखा लावा, धान्याच्या कोठ्या-पोती भिंतीपासून वीतभर पुढं ओढा, उंदरांची बिळं बुजवा. चुना मारायचा असेल तर ह्याच आठवड्यात मारा, म्हणजे पोरगी यायच्या आत वास निघून जाईल. ऑइलपेंट तर अजिबात नको.

आपली थंडी काश्मीरसारखी चोवीस तासांची नसते. डिसेंबरात दुपारी 27-28 अंश असतात, त्याच दिवशी पहाटे 7-8. म्हणजे ऊब रोज फुकट दारात येते आणि आपण खिडक्या बंद करून बसतो, आणि संध्याकाळी जरा हवा खाऊ म्हणून नेमक्या उघडतो. हे उलटं करा. आपण साधारण 20 अक्षांशावर आहोत, डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य डोक्यावर येत नाही, दक्षिणेकडं कललेला, जेमतेम 46 अंशांवर असतो, त्यामुळं दक्षिणेच्या दारा-खिडकीतून ऊन चांगलं आतपर्यंत येतं. त्या बाजूला झाडाची फांदी, क्रेटची थप्पी, जुनं शेडनेट काय असेल ते काढून टाका. सकाळी साडेनऊ-दहाला ऊन वर आलं की उघडायचं आणि सूर्य कलला की, दिवेलागणीची वाट न बघता, पाचच्या आत बंद करायचं. आत आलेलं ऊन भिंतीत आणि जमिनीत मुरतं, तेच रात्री पुरतं. उत्तरेच्या खिडकीवर मात्र जाड पडदा किंवा दुहेरी शिवलेली जुनी चादर हिवाळाभर लावून ठेवली तरी चालेल.

प्लास्टिकबद्दल भाऊंचं म्हणणं निम्मं बरोबर आहे, वारा अडवायलाच पाहिजे, पण कुठला वारा ते बघून. रात्री दहाला दिवे बंद करून एक उदबत्ती पेटवा आणि दाराच्या, खिडकीच्या कडेनं सावकाश फिरवा, जिथं धूर एकदम आडवा पळतो तिथं फट आहे. अंगावर येणारा वारा बहुतेक वेळा दाराच्या खालून येतो, त्याला जुन्या साडीची लांब नळी शिवून त्यात चिंध्या ठासून भरायच्या आणि दाराला टेकवून ठेवायची. खिडकीच्या चौकटीला फोमची चिकटपट्टी मिळते हार्डवेअरच्या दुकानात. पण वरची एक फट, छताजवळचा झरोका किंवा खिडकीवरची जाळी, ती उघडीच ठेवायची. ती माणसाच्या डोक्याच्या वर असते त्यामुळं तिथून येणारा वारा अंगावर येत नाही, आणि खोलीत तीन माणसं आणि एक बाळ झोपणार तर शिळी हवा बाहेर जायला काहीतरी पाहिजेच. खोली पूर्ण पॅक केली की सकाळी भिंतींना आणि काचांना घाम सुटतो आणि मग पुन्हा तीच ओल.

आणि मळ्यातलं घर म्हणून अजून एक. थंडी वाढली की पहाटे बागेत द्राक्षमणी वाचवायला शेकोट्या पेटवतात, तुमच्याकडंही करत असाल, तो धूर जड होऊन जमिनीलगत पसरतो आणि सरळ घरात शिरतो. बागेच्या बाजूची खिडकी त्या रात्री घट्ट लावा, आणि जिकडून घराकडं वारा येतो त्या बाजूला शेकोटी पेटवू नका, चार ओळी सोडून पेटवा. सासूबाईंच्या दम्याला ह्या धुरानं जितका त्रास होतो तितका थंडीनंही होत नसेल.

पडवीच्या पत्र्याचं म्हणाल तर तो रात्री बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो, म्हणून पहाटे त्याला खालून घाम येतो आणि टपटप पाणी पडतं, आपल्याला वाटतं दव पडलं. त्याच्याखाली वीतभर जागा सोडून जुन्या साड्यांचं दुहेरी छत ताणून बांधा किंवा बांबूची चटई लावा, मधली अडकलेली हवा हीच खरी गोधडी. थर्माकोल स्वस्त म्हणून लोक लावतात, मला ते पटत नाही, पेटलं तर भराभर पेटतं आणि धूर विषारी असतो, आणि तुमची चूल-बंब तिथंच आसपास असणार. पाचट किंवा बारदान पत्र्यावर टाकणंही नको, ठिणगीची भीती आणि उंदरांची वस्ती.

अंथरुणाबद्दल एक चूक जवळपास सगळ्या घरात होते. आपण वरून तीन-तीन गोधड्या घालतो आणि खाली बाजेवर एक पातळ वाकळ. बाजेच्या सुतळीतून खालून सगळा गारवा वर येतो, आणि बहुतेक म्हणूनच जुन्या बायकांना बाजेखाली शेगडी लागायची, असं मला वाटतं. बाजेवर आधी बारदान किंवा जाड सतरंजी, त्यावर कापसाची गादी, त्यावर घोंगडी आणि मग चादर, असं खालून पक्कं केलं की वरून एका चांगल्या गोधडीत भागतं. घोंगडी खरी लोकरीची घ्या, टोचते म्हणून चादरीच्या खाली. गादीचा कापूस दबून गठ्ठे झाले असतील तर पिंजून घ्या, दबलेल्या कापसात हवा राहत नाही आणि हवा नाही तर ऊब नाही.

गोधड्या-दुपटी पेटीतून काढाल तेव्हा डांबरगोळ्यांचा वास येत असेल तर हे जरूर वाचा. काही बाळांच्या रक्तात जन्मापासून एका घटकाची कमतरता असते, बाहेरून बघून कळत नाही, आणि अशा बाळाला डांबरगोळ्यांच्या नुसत्या वासानं, त्या कपड्यात गुंडाळल्यानं, रक्तातल्या लाल पेशी फुटून जोराची कावीळ होऊ शकते. त्यामुळं बाळाच्या खोलीत ती गोळी नाहीच. जे कपडे गोळ्यांमध्ये होते ते धुऊन, दोन-तीन दिवस कडक उन्हात उलटसुलट वाळवून, वास पूर्ण गेल्यावरच वापरा, आणि बाळाची टोपडी-झबली-दुपटी तर सरळ वेगळ्या डब्यात, हवं तर कडुनिंबाचा वाळलेला पाला कापडात बांधून ठेवा.

बाळाला थंडी वाजतेय का हे बघायची पद्धत आशाताई, म्हणजे गावातल्या आशा कार्यकर्त्या, शिकवतात, ती घरातल्या सगळ्या बायकांना यायला पाहिजे. आपल्या हाताच्या मागच्या बाजूनं आधी बाळाचं पोट बघायचं आणि मग तळपाय. दोन्ही कोमट, तर बाळ छान आहे. पोट कोमट आणि पाय गार, म्हणजे बाळाला थंडी वाजतेय, लगेच ऊब द्या. पोट आणि पाय दोन्ही गार, तर ते धोक्याचं, आईच्या छातीशी घेऊन तसंच दवाखान्यात निघायचं, 108 ला फोन करायचा. ऊब द्यायची म्हणजे आधी ओलं लंगोट बदलायचं, टोपडं-मोजे घालायचे, आणि मग बाळ उघडं करून आईच्या उघड्या छातीवर, कातडीला कातडी लागेल असं ठेवून वरून शाल आणि गोधडी घ्यायची. ह्याच्यासारखा हीटर जगात नाही, आणि कमी वजनाच्या बाळांना मोठमोठ्या दवाखान्यातही हेच करतात. आपल्याला जेवढे कपडे लागतात त्यापेक्षा बाळाला एक थर जास्त, एवढं पुरे. बाळाला जाड गोधडीखाली डोक्यावरून पांघरून झोपवायचं नाही, तोंड-नाक कायम उघडं, पांघरूण काखेपर्यंत. मानेला घाम आला, गाल लाल झाले तर एक थर काढा. गरम पाण्याच्या पिशवीनं अंथरूण आधी ऊबदार करून घ्यायला हरकत नाही पण बाळाला ठेवायच्या आधी पिशवी बाहेर.

आंघोळ. जन्मल्यावर पहिले 24 तास तरी बाळाला पाणी लावायचं नाही, वजन कमी असेल तर डॉक्टर सांगतील तोपर्यंत नाही. नंतरही पहाटे-सकाळी नको, अकरा-साडेअकराला, ऊन आत आलेल्या खोलीत, दार लोटून, पाच मिनिटांत उरकायची आणि आधी डोकं कोरडं करायचं कारण सगळ्यात जास्त ऊब डोक्यातून जाते बाळाची. रोज घातली नाही तरी काही बिघडत नाही, नुसतं पुसून घेतलं तरी चालतं.

हीटर घेऊ का विचारलंत. घ्या, पण बंद खोलीत रात्रभर चालवायला नाही, तर पहाटेचे दोन तास आणि बाळाला उघडं करायच्या वेळेला. लाल कॉइलचा नको, तेल भरलेला येतो तो ऑइल हीटर घ्या, त्यात उघडी तार नसते. त्यानं हा कोळशाचा वायूही होत नाही. 2000 वॅटचा हीटर पूर्ण चालला तर तासाला 2 युनिट खातो, रात्रभर 8 तास म्हणजे 16 युनिट, महिन्याचा हिशोब तुम्हीच करा, म्हणून 1000 वर ठेवून थोडा वेळ लावा. आणि पूर्ण 2000 वर तो जवळपास 9 अँपिअर खेचतो, त्यामुळं साध्या 6 अँपिअरच्या बटणावर किंवा एक्स्टेन्शन बोर्डावर लावायचा नाही, धाब्याच्या खोलीचं वायरिंग जुनं असणार, वायरमनकडून 16 अँपिअरचा पॉइंट आणि अर्थिंग करून घ्या. बाजेपासून, पडद्यापासून तीन-चार फूट लांब ठेवा, त्याच्यावर लंगोट वाळत घालायची नाहीत. लंगोटांसाठी पडवीत उन्हात दोरी बांधा, आणि ढगाळ दिवसांसाठी चार डझन जास्त शिवून ठेवा. मळ्यात सिंगल फेज कधी जाईल सांगता येत नाही त्यामुळं हीटरच्या भरवशावर अंथरूण पातळ करू नका.

आता सासूबाई. त्यांना नुसतं 'नको' म्हणू नका, काम द्या. बाळंतिणीला शेक पाहिजे ही त्यांची मागणी रास्त आहे, अंगदुखी असते, कंबर धरते. रोज अकराच्या सुमारास अंगणात, उन्हात, मोकळ्यावर शेगडी पेटवायची, तव्यावर ओव्याची पुरचुंडी गरम करायची आणि सासूबाईंनी स्वतःच्या हातानं नातीला शेकायचं, पाठ, कंबर, पाय. टाक्यांवर मात्र शेक नको. मग निखारे पाणी टाकून विझवायचे, ती शेगडी उंबऱ्याच्या आत येणार नाही. धुरी मात्र बंदच, बाळालाही नाही आणि बाळंतिणीलाही नाही, आणि इथं त्यांच्या दम्याचंच कारण सांगा, की आजी तुम्हाला धाप लागली तर बाळाला मांडीवर कोण घेणार. तरी नाही पटलं तर आशाताई येतात ना, दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, त्यांना आत्ताच भेटून सांगून ठेवा आणि पोरगी यायच्या आधीच एकदा सासूबाईंसमोर बोलायला लावा. सुनेचं ऐकायला जड जातं ते बाहेरच्या माणसाचं सहज ऐकलं जातं, ह्यात वाईट वाटून घेऊ नका.

आणि ताई, सगळं घर बाळंतिणीभोवती फिरताना ह्या म्हाताऱ्या माणसाकडं दुर्लक्ष होतं. थंडीत रक्तदाब वाढतो, दमा उसळतो, आणि वयस्कर माणसाला आपण गार पडतोय हे लवकर कळत नाही. त्यांचा बिछाना पडवीत असेल तर हिवाळाभर आत घ्या, धाब्याच्या दुसऱ्या खोलीत. पहाटे पाचची आंघोळ त्यांना सोडवणार नाही हे मला माहितीय, निदान कानटोपी, पायात लोकरीचे मोजे आणि पाणी आधी आत आणून ठेवलेलं असू द्या. इनहेलर उशाला. थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी पीत नाहीत, तर दर दोन तासांनी कोमट पाणी हातात नेऊन द्या. बाजरीची भाकरी, तीळ, हुलग्याचे शेंगोळे हे त्यांनाही करा, सगळे डिंकाचे लाडू बाळंतिणीच्या डब्यात जाऊ देऊ नका.

भाऊंना शनिवारी एवढंच सांगा, प्लास्टिकचा रोल परत करा, गिझरसाठी प्लंबर बघा आणि वायरमनला बोलवा. आणि घरात कुणाचंही, विशेषतः एकाच वेळी दोघा-तिघांचं डोकं दुखायला लागलं, मळमळायला लागलं, तर थंडी बाधली म्हणून झोपून राहायचं नाही. आधी सगळ्यांनी बाहेर अंगणात यायचं, दारं उघडायची आणि मग 108. हे चार ओळींत लिहून फ्रीजवर चिकटवा.

धाब्याच्या खोलीची भिंत ओली निघाली तर मला लगेच लिहा, कुठल्या बाजूची आहे आणि किती उंचीपर्यंत आहे ते सांगा, मग खोली बदलायची का ते ठरवू. आणि बाळ झालं की कळवा, वाट बघते.